अळ्यांच्या डब्याशेजारी

माझ्या दुकानात गळ मिळतात, दोरा मिळतो,
बर्फाला भोक पाडायचं गिरमिट मिळतं,
फ्रीजमध्ये भुशात झोपलेल्या अळ्या,
आणि गल्ल्यापाशी, अळ्यांच्या डब्याशेजारी,
तुओवी कोर्तेसाल्मीचं कॉमिक.
चार युरो. घासाघीस करू नये.

चोवीस वर्षं ती कागदगिरणीत होती,
तपासणीच्या खोलीत.
ताव उजेडात धरायचा, डाग शोधायचा,
सापडला की अख्खं रीळ रद्द.
गिरणी बंद झाली तेव्हा कुणी घड्याळ नेलं,
कुणी खुर्च्या, एकाने तर भोंगाच उतरवला.
हिने हातगाडीवर घातली
कोऱ्या कागदाची बावीस रिमं
आणि मागे न बघता घरी गेली.

हिल्प्पा तिच्या स्वयंपाकघरात जन्मली.
हिल्प्पा टपाल नेते,
गोठलेल्या आखातावरून, पायाने रेटायच्या घसरगाडीवर,
दीपगृहाच्या बेटाकडे.
पिशवीत एकच पत्र. पहिल्या अंकापासून तेच.
आत काय लिहिलंय हिल्प्पाला माहीत नाही,
मलाही नाही, असं तुओवी म्हणते.
तुओवी खोटं बोलताना नाक पुसते.
तेव्हा पुसलं नव्हतं.

अंकाच्या साठ प्रती. दोन पिना, बरोबर घडीवर.
पिन केसभर सरकली तरी ती प्रत
चुलीत.

अकराव्या अंकात, शेवटच्या चौकटीत,
बर्फाला तडा गेला, हिल्प्पाचा एक पाय आत,
खाली कोपऱ्यात: क्रमशः.
आणि तुओवीचं मनगट मोडलं.
चौदा महिने.

जन्मात पुस्तक न उघडलेली माणसं
अळ्या मोजून घेता घेता विचारायची,
निघाली का ती बाहेर?
मी सांगायचो, प्लॅस्टर आहे अजून.

उर्पो हिएताला तर भांडायलाच आला.
मार्चात बर्फ असा फुटत नाही, म्हणाला.
आधी करडा होतो, मग गप्प होतो,
मग फुटतो.
प्लॅस्टरसकट तिला आखातावर नेलं, दाखवलं,
दोघं गुडघ्यापर्यंत भिजून परत आली.
बाराव्या अंकाच्या मागच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत:
बर्फ – उर्पो हिएताला.
त्याने पाच प्रती घेतल्या.
कुणालाही दिल्या नाहीत.

मध्यंतरी राजधानीतून एक प्रकाशक आला होता,
गुळगुळीत बुटांचा, माझ्याच पायरीवर दोनदा घसरला.
रंगीत काढू म्हणाला, पुठ्ठाबांधणी,
बर्फाला किंचित निळी छटा देऊ.
तुओवीने प्रत उघडून बोट ठेवलं.
इथे मी काहीच काढलेलं नाही, म्हणाली.
हा आमचा कागद आहे.
तिसऱ्या पाळीचा.
त्याला वाटलं, बाई पैशाचं बोलतेय,
त्याने आकडा वाढवला.

एका अंकाला एक रीम जाते, कच्चंपक्कं धरून.
गेल्या गुरुवारी एकोणिसाव्याचा गठ्ठा ठेवताना
ती म्हणाली, तीन उरलीत.
दुसरा कागद आण की, मी म्हणालो.
तिने माझ्याकडे असं पाहिलं,
जसं मी बाजारातला मासा गळाला लावून
फोटो काढायला निघालो होतो.
मग बेट? पोचेल ना ती?
ते कागदावर आहे, म्हणाली,
आणि नाक पुसलं.
थंडीही होती म्हणा, उणे एकवीस.

वरच्या फळीवर माझ्याकडे गिरणीचेच दोन गठ्ठे होते,
बिलं छापायला ठेवलेले.
रात्री काढले. दिव्यासमोर धरला एकेक ताव,
तिच्यासारखा, एक डोळा मिटून.
एकावर डाग निघाला,
काडेपेटीच्या काडीएवढा. तो ठेवून घेतला.
बाकीचे पहाटे तिच्या दारात, चिठ्ठीबिठ्ठी न लिहिता.

तेव्हापासून दुकानात हिशेब तोंडी.
उर्पो रोज कटकट करतो,
अळ्या नऊ दिल्यास, पैसे दहाचे घेतलेस,
लिहून दे म्हणतो,
लिहून दे.